उसना बैल

मामा, परवा तुझा धाकटा आमच्या दारावरून भाड्याचा टिलर घेऊन वर तुमच्या वरंधला गेला. तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय.

बाबा गेले त्या पावसाळ्यात आमची चिखलणी अडली होती. आईनं निरोप धाडला आणि तू स्वतःची खाचरं अर्धी टाकून बैलजोडी घेऊन खाली उतरलास. दिवसभर राबून संध्याकाळी म्हणालास, जोडी इथंच राहू दे, उरलेलं उद्या करू. सकाळी तांबडा बैल आमच्या गोठ्यात मरून पडला होता. पान लागलं होतं, पायावर सापाचे दात दिसत होते. आई उंबऱ्यातच बसली. तू आलास आणि कितीतरी वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलास. आईनं आमचा एकुलता गोऱ्हा सोडून दावं तुझ्या हातात दिलं. तू ते परत खुंट्याला बांधलंस.

"माझ्या गोठ्यात पान लागलं असतं, तर मी कोनाकडं मागाया गेलो असतो गो?"

एवढंच बोललास. खड्डाही तूच खणलास आणि उरलेला बैल घेऊन एकटा चढण चढून गेलास. त्या वर्षी तू आणि मामीनं राहिलेली शेतं कुदळीनं खणून लावली, हे तुम्ही कुणी सांगितलं नाही. दिवाळीला मामीचे तळहात बघून आईला कळलं, आणि तिनं ताटावरून हात काढून घेतला.

आता माझ्याकडे टिलर आहे. मुंबईची नोकरी संपवून आलो तेव्हा घेतला. वाडीत तो कुणी मागत नाही, आणि मी समजायचो, लोकांना गरज नसेल. परवा धाकट्याला हाक मारून चहाला बसवलं. घरचा असताना महाडहून भाड्यानं कशाला आणलास, असं विचारलं. तो कपाकडे बघत म्हणाला, "दादा, तुझी महागाची वस्तू. काय मोडलं तर भरून द्यायला आमच्याकडं काय हाय?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. मी त्याला कधी नाही म्हटलेलं नाही, कारण तशी वेळच त्यानं कधी येऊ दिली नाही. मोडलं तर मोडू दे, एवढंच मला म्हणायचं होतं. जीभ रेटली नाही. चहा संपवून तो निघून गेला.

तू आज असतास आणि हे तुला पोचवता आलं असतं, तरी मी पाठवलं नसतं. त्याची पाठ वळल्यावर मला लाज वाटली हे खरं. पण त्याच्याही आधी, मामा, मला हायसं वाटलं होतं.