जोल्चूच्या घोड्याची शेपूट

धाकटी बहीण सायकल हिला,
थोरलीकडून कपाळाचा मुका.

बिश्केकला मी सुखरूप आहे. इथला चहा पांचट, पण पिते.

गावाच्या वेशीवर बसवायचा तुझ्या नवऱ्याचा काशाचा पुतळा माझ्या नातवाने, एसेनने, ओतला. मेणाचा घोडा नि स्वार करून वर मातीचा लेप दिला, भट्टीत मेण वितळून गेलं, मग त्या पोकळीत पातळ कासं ओतलं. काल साचा फोडला. जोल्चूचं नाक हुबेहूब आलंय, तसंच चढेल. पण रस शेवटपर्यंत पोचलाच नाही आणि घोड्याची शेपूट अर्धीच आली.

एसेन म्हणतो, "आजी, शेपूट कोण बघतंय?"

म्हटलं, "गाढवा, धनी मेला की त्याच्या घोड्याची शेपूट कापतात आपल्यात. जित्या माणसाला मेलेला करून वेशीवर उभा करतोस?"

मेणाची नवी शेपूट मीच वळली, चांगली लांबलचक. ती आज ओतून जोडायची. सकाळपासून तीनदा भट्टीपाशी जाऊन आले, अजून तापतेच आहे मेली.

जोल्चूला यातलं काही सांगू नकोस. त्याचा खोकला कसा आहे? आधी तेवढंच कळव, बाकीचं मागाहून लिही.

तुझी,
बात्मा