लुस दारीचे पाने

कालार्का,
कार्मेन मातेच्या सणानंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप रोसाल्बाताईस,

धाकट्या ओफेलियाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजी अजून चोरून कॉफीत साखर घेतात का? इकडे आम्ही खुशाल आहोत, आणि मी तर अभिमानानं इतकी फुगले आहे की चर्चच्या बाकावर शेजारी कुणी मावत नाही.

कारण आपली लुस दारी (माझी नात, लहानपणी तुझं शिवणयंत्र उघडून बसलेली तीच) आता मेकॅनिक होणार. गॅरेजवाले एव्हेलियो म्हणाले, "पोरी, सोमवारपासून ये. पण हत्यारं स्वतःची आण. माझ्या गॅरेजात उसनवारी चालत नाही." मग मी बाजार गाठला. मठातल्या सिस्टर बेर्नार्दांनी आपल्याला चांदीचे चमचे चकाकीवरून ओळखायला शिकवलं होतं, आठवतं? त्याच नजरेनं मी एक भलीमोठी पेटी निवडली. आत लाल मखमल आणि त्यावर निजलेल्या संतांसारखी चकचकीत हत्यारं. लुस दारीनं तोंड वाकडं केलं. "आजी, यातली निम्मी कशाला लागतात तेच मला माहीत नाही!"

"शिकशील हळूहळू," मी म्हटलं.

कार्मेन माता गाडीवाल्यांची, म्हणून सणाला गावच्या सगळ्या गाड्यांबरोबर पेटीही जीपवर ठेवून आशीर्वादाला नेली. फादर इल्देब्रांदोंचा हात सढळ, आणि पवित्र पाण्यात मीठ असतं हे आपण दोघी मठात शिकूनही मी विसरले. सकाळी बघते तर सगळ्या संतांना गंजाचा गोवर! त्यातला एक पाना लुस दारीनं जीपच्या नटाला लावला, तर नट जागचा हलला नाही, पान्याचाच जबडा फाकला. दुकानदाराकडे गेले. तो म्हणतो, "बाई, बाप्तिस्मा झालेला माल आम्ही परत घेत नाही."

लुस दारी रडकुंडीला आली. तेव्हा मी पलंगाखालून आमच्या ह्यांचं, ऑक्टाव्हियोंचं (देव त्यांना शांती देवो) हत्यारांचं तेलकट पोतं ओढलं. पोरीनं एकेक पाना तळहातावर तोलला. जडसे इंची पाने (आपल्या जुन्या जीपांना तेच बसतात), एक पक्कड, हातोडी, दोन स्क्रू ड्रायव्हर, बस्स. "रोज लागतं ते चांगलं हवं, आजी. बाकीचं लागेल तसं घेऊ." उरलेलं पवित्र पाणी मी त्यांच्यावर मुद्दाम शिंपडलं. एकालाही डाग नाही!

काल एव्हेलियोंनी पोतं उघडलं आणि टोपीच काढली. "ही हत्यारं तर ऑक्टाव्हियोची! निवडली कुणी?"

"मी," लुस दारी म्हणाली. (मी सहज फाटकाशी उभी होते. गॅरेज माझ्या वाटेवर नाही, ते सोड.)

तुझी,
ओफेलिया

ता. क. पोत्यात अर्ध्या इंचाचा पाना नाही आणि जीपचं त्याच्यावाचून पान हलत नाही. एव्हेलियोंनी शनिवारपर्यंत मुदत दिली आहे. ऑक्टाव्हियोंनी तो तुला गुळाची ढेप फोडायला दिला होता. इतकी वर्षं गूळ खाऊनही तो गंजला नसेल, याची मला खात्री आहे. उद्याच्या बसच्या ड्रायव्हरकडे दे.

ता. क. २. बदल्यात लाल पेटीतला एक पाठवते. निवड माझीच आहे. गुळाला चालेल, फक्त धुऊ नकोस.