दाराचं दुसरं टोक

मोसाहुल्ट, स्मोलंड
८ ऑक्टोबर १९९८

प्रिय एव्हर्टदादा,

तू बरा असशील. ब्रिटावहिनीच्या गुडघ्याचं काय म्हणतायत डॉक्टर? इकडे पहाटेचं दव गोठायला लागलंय. यंदा रानात अळंबी एवढी आली की बरण्या कमी पडल्या. त्यातल्या दोन तुझ्यासाठी बाजूला ठेवल्या होत्या, त्या काल गुनबोर्गला देऊन टाकल्या. का, ते पुढे येईलच.

आमचं इतिहास मंडळ तुला ठाऊक आहे. सगळे सत्तरीच्या आसपासचे, दर बुधवारी जुन्या शाळेत जमतो. निम्मा वेळ कॉफी, वेलदोड्याचे पाव आणि कुणाचं कुठे दुखतंय यातच जातो. गुनबोर्ग म्हणते, "आता आपल्याच गळ्यात पाट्या अडकवा, एवढे जुने झालोय." पण काम चोख. रानात जिथे जिथे कुळांची घरं होती, तिथे आम्ही पाटी लावतो. घराचं नाव, शेवटचं कुटुंब, ते कधी गेलं आणि का गेलं. घरं केव्हाच कोसळली. पण गर्द रानात मध्येच लायलॅक किंवा गूजबेरीचं झुडूप दिसलं की समजायचं, इथे कुणा बाईचा संसार होता. आपलं घर मी तसंच दाखवलं. आईची गूजबेरी अजून आहे. आंबटढाण आहे, पण आहे.

मंडळाचा एक नियम आहे. कागदाचा पुरावा नसेल, तर दोन जिवंत माणसं सांगतील तेवढंच पाटीवर जातं. नियम मलाही पटतो, नाहीतर जो तो आपल्या आजोबाला सरदार करून ठेवील.

मी सांगितलं, "बाबांच्या पाठीवर झाड पडलं. घराच्या भाड्यापोटी मालकाच्या शेतात राबायचं, ते त्यांना जमेना. ऐन नोव्हेंबरात मालकाने आमचं दार काढून नेलं. बिनदाराच्या घरात राहवेना, म्हणून निघालो."

मंडळाचा अध्यक्ष सिगवार्ड, म्हणजे त्याच मालकाचा मुलगा. त्याचा पाव हातातच राहिला. पण माणूस वाईट नाही. म्हणाला, "आस्ता, तू तेव्हा आठ वर्षांची. एव्हर्ट चौदाचा, त्याला विचारू या. तो हो म्हणाला, तर माझ्या बापाचं नाव घालून मी स्वतः पाटी रंगवीन."

आणि काल त्याने तुला फोन लावला. तुला वाटलं असेल तो एकटाच ऐकतोय. फोन टेबलावर ठेवला होता, आवाज मोठा करून. मी कॉफी ओतत होते.

"छे छे, हाकललं कुणी? बाबांनीच जायचं ठरवलं. आस्ता लहान होती रे, तिला काहीबाही आठवतं. पहिल्यापासून ती जरा तशीच."

वर हसलासही.

कुणी माझ्याकडे बघेना. कप भरून वाहत होता, गुनबोर्गने माझ्या हातातली किटली काढून घेतली. सिगवार्डने लिहिलं, "कुटुंब १९३८ साली स्वखुशीने गाव सोडून गेलं." येत्या बुधवारी मजकूर सगळ्यांपुढे वाचायचा आणि पाटी रंगवायला घ्यायची.

स्वखुशीने! बाबांना ढकलगाडीवर निजवून नेलं, दादा. आई गाडी ढकलत होती आणि मी कोंबडी पोटाशी धरून मागे. तू त्या रस्त्यावर नव्हतास. तू मालकाकडे राहिलास.

आता आलंच आहे तोंडाशी तर लिहिते. आई मरेपर्यंत समजत होती की दार न्यायला मालकाचे दोन गडी आले होते. ती तेव्हा त्यांच्याच गोठ्यात धारा काढत होती. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी चुलीपाशी होते. गडी एकच आला होता. तो पुढे, आणि मागचं टोक धरून तू. जाताना माझ्याकडे बघून म्हणालास, "थंडी वाजली तर गोधडी घे." नाताळानंतर मालकाने तुला नवे बूट दिले, शाळेत घातलं.

चौदा वर्षांचा पोर, मालक म्हणेल ते करणारच. त्याचा दोष मी तुला कधीच दिला नाही. पण काल तू चौऱ्याहत्तर वर्षांचा होतास.

तुला एक माहीत नाही. जुन्या शाळेतल्या आमच्या खोलीत भिंतीवर एक जुनं दार टांगलंय. सिगवार्डनेच दिलं, त्यांच्या खुराड्याला होतं म्हणे. त्याला खाली मांजरासाठी कापलेलं भोक आहे आणि भोकावर कॉफीच्या डब्याचं झाकण ठोकलंय. बाबा ते ठोकत होते तेव्हा खिळे मी हातात देत होते. इतके दिवस मी त्याच्यासमोर बसून पाव खाते आणि गप्प राहते. दार आमचं म्हटलं की ते कुणी उचललं हे कुणीतरी विचारणारच. तुझ्यासाठी गप्प राहिले, आणि तू मला चारचौघांत खुळी ठरवलंस. फार लागलं रे.

सिगवार्डला फोन कर आणि खरं सांग. मागचं टोक कुणाच्या हातात होतं ते नको सांगूस, तेवढं मी अजूनही झाकीन. पण फोन आला नाही, तर बुधवारी मी उठून त्या झाकणावर हात ठेवीन. दार बोलत नाही हे खरं. पण ते त्यांच्या खुराड्याला कुठून आलं, ते सिगवार्डला सांगावं लागेल. मग मला जे विचारतील, त्याचं मी खरं उत्तर देईन.

उन्हाळ्यात नातवंडांना घेऊन पाटी बघायला येणार होतास ना? जरूर ये. जे काही लिहिलेलं असेल, ते तूच त्यांना वाचून दाखव.

ब्रिटावहिनीला नमस्कार सांग. आणि थंडी वाजली तर गोधडी घे.

आस्ता