फोन आधी कोणी ठेवायचा

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे मनातल्या मनातच वाकले आहे, पण भाव खरा आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? दोन्हींची वेगवेगळी चौकशी करते, नाहीतर डावा रुसतो असं तूच म्हणाली होतीस. भावोजींचा खोकला थांबला का, की पाहुणे आले की अजून मुद्दाम वाढतो? फोन सोडून ही आता पत्र कशाला लिहिते आहे, असं तुझ्या मनात आलंच असेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, तेवढीच माझी सोय.

तर नवी नोकरी उत्तम चालली आहे. भावोजींनी कुणाकुणाकडे शब्द टाकून ती मिळवून दिली, ते मी विसरायची नाही (आणि ते विसरू देणारही नाहीत). गार हवेची खोली, मागे रेलणारी खुर्ची, टेबलावर एक रोपटं. ते प्लास्टिकचं आहे हे मला आठवडाभर पाणी घातल्यावर कळलं. काम एवढंच, की कुणाचं कपडे धुवायचं मशीन बिघडलं की फोन येतो, आपण तक्रार लिहून घ्यायची, मेकॅनिक उद्या येईल म्हणायचं आणि फोन ठेवायचा. कुणी मरत नाही, कुणी हंबरडा फोडत नाही. फार तर एखाद्याचा पांढरा शर्ट गुलाबी होतो. हे म्हणतात, आता तू घरी आल्यावर जेवतेस तरी. माणसाला आणखी काय हवं असतं.

पण ताई, इतकी वर्षं अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेतले मी. जिभेला लागलेलं वळण असं लगेच सुटतं का? पहिल्याच दिवशी एका गृहस्थांचा फोन आला, म्हणाले, "चालता चालता एकदम बंद पडलं हो." मी विचारलं, "श्वास चालू आहे का?" मग ते हळूच म्हणाले, "थांबा हं, बघून येतो." आणि खरंच बघून आले बिचारे. आले आणि म्हणाले, "नाही वाटतं."

दुसरी खोड याहून वाईट. कंट्रोल रूममध्ये आमचा एक नियम होता, कुठे लिहिलेला नव्हता पण सगळे पाळायचे. फोन आधी आपण ठेवायचा नाही. गाडी दारात पोचून पलीकडच्या माणसाला आपल्या माणसाचा हात लागेपर्यंत "मी आहे, बोलत राहा" म्हणत बसायचं. इथे नेमकं उलटं. आमच्या वरिष्ठांना सगळे घड्याळराव म्हणतात, कारण फोन जरा लांबला की ते पाठीमागे येऊन उभे राहतात आणि मनगट पुढे करतात. एका बाईंना मी सवयीने सांगून बसले, "माणूस येईपर्यंत मी फोनवर आहे, घाबरू नका." माणूस दुसऱ्या दिवशी जाणार होता. बाईही धीराच्या निघाल्या. त्यांनी फोन बाजूला ठेवून भांडी घासली, नवऱ्याला चार शब्द सुनावले (चूक नवऱ्याचीच होती, मी मधूनमधून हुंकार देत होते), आणि शेवटी घड्याळरावांनीच हात लांब करून बटण दाबलं. घरीही तीच तऱ्हा. कर्ज घ्या म्हणून फोन येतात ना, तेही मला ठेववत नाहीत. कंटाळून तेच ठेवतात.

हस हवं तर, पण मग पुढचं नीट वाच. मला त्या खोलीची फार आठवण येते. खुर्चीचं एक चाक मोडलेलं, पंखा कुरकुरणारा, चहा कायम गार झालेला. पण गाडी पोचली की फोनमधून आमच्या ड्रायव्हरचा आवाज यायचा, "आलो हो, सोडा आता," आणि आपली मूठ इतका वेळ आवळलेली होती हे तेव्हा कळायचं. शेजारी भोंगाबाई बसायची (तिचा आवाज असा, की गाडीला वेगळा भोंगा लागला नसता). ती त्या वेळी मात्र काही न बोलता अर्धं बिस्किट माझ्याकडे सरकवायची. इथे अख्खा पुडा समोर असतो आणि सगळे गोड बोलतात. घशाखाली उतरत नाही.

कंट्रोल रूममधला त्या बाईंचा फोन तुला ठाऊक आहे. मी म्हणत होते, बोलत राहा, मी आहे, आणि त्या बोलायच्या थांबल्या. गाडी रस्त्यात अडकली होती, कुणाचीच चूक नव्हती. भोंगाबाईने हातातून काढून घेईपर्यंत मी फोन तसाच धरून बसले होते. मग घरातला फोन वाजला तरी मला दरदरून घाम फुटायला लागला, अन्न जाईना. तू आलीस, माझ्याकडे पाहिलंस, आणि स्वतःच्या गळ्याची शपथ घातलीस, की त्या खोलीत पुन्हा पाय ठेवायचा नाही. तेव्हा बरोबरच केलंस तू. मी थोरली असते तर मीही तेच केलं असतं.

आता परवाचं ऐक. एका आजींचा फोन आला. मशीनखालून पाणी येतंय, म्हणाल्या, सवडीने आलात तरी चालेल. आवाज शांत होता, पण ताई, तो खालून येत होता. कसं कळतं ते मला सांगता येणार नाही, पण उभ्या माणसाचा श्वास वेगळा आणि पडलेल्याचा वेगळा. मी विचारलं, "आजी, तुम्ही फरशीवर आहात का?" म्हणाल्या, "हो गं. पण तुला कसं सांगू? तू तर मशीनवाली." त्याच पाण्यावरून घसरून पडल्या होत्या, पाय हलत नव्हता. फोन हाताशी होता, पण चष्मा कुठे उडालेला, नंबर एकही पाठ नाही. डोळ्यांसमोर मशीनच्या पोटावर मोठ्या आकड्यांत आमचा नंबर होता, म्हणून तोच लावला. आणि मशीनवाल्यांशी मशीनचंच बोलावं, एवढी रीत सांभाळली.

मी पत्ता विचारून घेतला आणि माझ्या मोबाइलवरून जुना नंबर लावला. भोंगाबाईनेच उचलला. कशी आहेस नाही, कुठे असतेस नाही, पत्ता ऐकून एवढंच म्हणाली, "गाडी निघाली. तू धर." मी धरला. एका कानाला आजी, दुसऱ्या कानाला भोंगाबाई, पाठीमागे घड्याळरावांचं मनगट. आजींनी मला सून परगावी गेल्याचं सांगितलं, ती गुणी आहे पण कपडे उलटे वाळत घालते हेही सांगितलं. मध्येच त्यांचा आवाज बारीक व्हायला लागला. मी म्हणत राहिले, बोलत राहा आजी, मी आहे. मग दार फोडल्याचा आवाज आला, आणि आमचा ड्रायव्हर म्हणाला, "आलो हो, सोडा आता."

ताई, मी टेबलावर डोकं टेकून रडले. किती दिवसांनी काम केलं होतं मी.

घड्याळरावांनी मला लेखी समज दिली आहे. एक, फोन लांबवल्याबद्दल, आणि दुसरं, मशीनची तक्रार लिहून न घेतल्याबद्दल (ती खरंच राहिली). कागद हातात देताना त्यांनी खाली वाकून हळूच विचारलं, "आजी कशा आहेत?" खुब्याचं हाड मोडलंय, पण आजी शाबूत आहेत.

तर असं सगळं छान चाललं आहे. नोकरी सोपी आहे, मन रमलं आहे, तू काळजी करू नकोस. भावोजींना नमस्कार सांग.

तुझी धाकटी

ता. क. – मन रमलं आहे हे खोटं लिहिलं. बाकीचं खरं आहे.

ता. क. दुसरा – माझी मोडक्या चाकाची खुर्ची अजून रिकामी आहे. भोंगाबाईने तिच्यावर स्वतःची पिशवी ठेवून ती अडवून धरली आहे. काल तिथल्या मुख्य बाईंनी मला विचारलं, परत येतेस का? ह्यांना विचारलं तर म्हणाले, माझी हरकत नाही, पण शपथ ताईंची आहे. पुन्हा घाम फुटेल, ताई. पुन्हा कधीतरी एखादा आवाज बोलता बोलता थांबेल, हेही मला कळतं. तरी मला जायचं आहे. पण तुझी शपथ मोडून तिथे बसले, तर प्रत्येक फोनला पलीकडे तूच आहेस असं वाटत राहील. तेव्हा "शपथ सुटली" एवढं म्हण. तुझ्याच तोंडून ऐकायचं आहे.

ता. क. शेवटचा – उत्तराचं पत्र नको, फोन कर. मी मध्ये बोलणार नाही. सुटली म्हण, नाहीतर नाही म्हण. आणि मग फोन तूच ठेव, ताई. माझ्याने ठेववत नाही.