एकोणीसवर अडकलेला रन

१२ नोव्हेंबर, बुधवार
सर्व्हरवर लावलेला माझा रन, म्हणजे थिसिसचं मोठं गणित, ६१ टक्क्यांवर. दिवसाला पाच टक्के, म्हणजे वीसला संपेल. मग आठवडाभर शेवटचं प्रकरण, अठ्ठावीसला थिसिस जमा. आठवं वर्ष, शेवटची मुदतवाढ. ही चुकली की रजिस्ट्रेशन रद्द.
दुपारी अश्विनी आली. लॅबमध्ये माझ्यानंतर पाच वर्षांनी लागलेली. "ताई, माझा पेपर सत्तावीसला द्यायचाय. सर्व्हर सगळा तुझ्या रनने भरलाय. दोन दिवस मागे घे ना तुझं." घेतलं. प्रायॉरिटी शून्यावरून एकोणीसवर. शून्य म्हणजे सगळ्यांच्या बरोबरीने, एकोणीस म्हणजे सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर. एक ओळ टाइप केली, झालं. तिने कॅन्टीनमधून इडली आणून दिली.

१४, शुक्र.
६१.२. दोन दिवस झाले म्हणून परत शून्यावर आणायला गेले. परवानगी नाही. तीनदा करून पाहिलं. मग मॅन्युअल वाचलं, जे आधी वाचायला हवं होतं. साध्या युजरला स्वतःचं काम खाली नेता येतं, वर आणता येत नाही. ते फक्त ॲडमिनच्या हातात. आमचे ॲडमिन तावडे कालच पुतण्याच्या लग्नाला गावी गेले. सव्वीसला येणार.
वाट लागली.

१६, रवि.
घरून पाहिलं. सकाळी काही तास अश्विनीचं काम थांबलं होतं, तेवढ्यात माझं दीड टक्का सरकलं. मग तिने नवा राऊंड लावला. ६२.९.
आई: "गो, खिडकी लाव, वास येता." कांजूरच्या कचरा डम्पिंगचा वायू कुठल्या वाऱ्याला कुठल्या बिल्डिंगपर्यंत पोचतो, तेच हा रन सांगणार आहे. आमची बिल्डिंग पण आहे त्यात. "झाला काय तुझा?" रोज विचारते. होतंय म्हटलं.

१८, मंगळ.
गाइड सर म्हणाले, "मार तो रन, परत लाव शून्यावर." परत म्हणजे पहिल्यापासून, वीस दिवस. हातात दहा. मधे मधे सेव्ह करायची सोय मीच बंद केली होती, डिस्क भरते अशी लॅबची कुरकुर होती म्हणून. सरांनी कॅलेंडरवर दिवस मोजले. मग, "तू फार समजूतदार आहेस." कौतुक नव्हतं ते.
बाबांच्या आजारपणात थिसिस दोन वर्षं मागे घेतला, धाकट्या बहिणीच्या लग्नात एक. कोणी मागितलं की माझा हात आधीच कीबोर्डवर. राग येतो स्वतःचा.

१९, बुध.
ॲडमिनचा पासवर्ड एचओडींच्या कपाटात, लाखेने सीलबंद पाकिटात असतो म्हणे. अर्ज केला, प्यूनसमोर पाकीट फोडलं, उघडल्याबद्दल रजिस्टरमध्ये सही. पासवर्ड चालला नाही. पाकिटावरची तारीख चार वर्षांपूर्वीची. एचओडी म्हणाले, सील तरी व्यवस्थित होतं.

२१, शुक्र.
तावडेंचा फोन लागला. मागे बँड. "मॅडम, पासवर्ड फोनवर देत नाही मी कोणाला. आल्या आल्या करतो ना. पण तुम्ही स्वतःहून खाली का गेलात?"


२२, शनि.
शेवटी अश्विनीला विचारलं. तुझं पण एकोणीसवर ने, मग निम्मं निम्मं तरी मिळेल. कीबोर्डवर हात ठेवला तिने, आणि थांबली. "मग मला परत वर नाही आणता येणार ना?" खोटं बोलता आलं असतं. नाही म्हटलं, नाही येणार. "मग राहू दे ना ताई. सॉरी." तिचं चुकलं नाही. तरी जेवताना तिच्या टेबलावर बसले नाही.

२५, मंगळ.
६६.१. आधी वाटलं, बघण्यात चूक झाली. मग यादी पाहिली. अश्विनीच्या नावापुढे एकोणीस. काल दुपारपासून.  विचारलं तर स्क्रीनकडे बघत, "दोन दिवसांचे तेरा झाले ना ताई."
आता दोघी तळाला, निम्मं निम्मं. अशाने तिचा पेपर परवापर्यंत होत नाही. माझं उद्या वर आणलं तरी सात दिवस लागतील, आहेत तीन. तिचं वर आणलं तर एका दिवसात होतं.
आईने विचारलं, झाला काय.  खिडकी लावली.
उद्या अकराला तावडे येतील. चहा घेतील, खुर्ची ओढतील आणि विचारतील, मॅडम, कोणाचं वर घेऊ?
हिशोब तिसऱ्यांदा केला. उत्तर तेच येतंय, अश्विनीचं. या वेळी मला ते द्यायचं नाहीये.