मौन रद्द केलं, उज्ज्वला

प्रिय उज्ज्वला,

बाहेर हिरवळीवर जेवणाची रांग लागली आहे, आणि मी ताट न घेताच आपल्या विभागाच्या पायऱ्यांवर येऊन बसलेय. बसलेय कसली! दोन ओळी लिहिते, उठते, खांबापर्यंत जाते, परत येते. आपल्या बॅचचा सुधीर मघाशी ओरडून गेला, "मंदा, जेवून घे, पनीर संपेल!" संपू दे. आज दुपारी जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय घास उतरायचा नाही. आणि तुझ्याशिवाय सांगू तरी कुणाला?

हे सगळं तुझ्यामुळेच. स्नेहमेळाव्याची कल्पना तुझी. दिवाळीनंतर फोन करून म्हणालीस, "मंदे, संख्याशास्त्राची आपली सगळी बॅच एकदा विद्यापीठात जमवू. आत्ता नाही, तर पुढे गुडघ्यांच्या डॉक्टरकडेच भेटू." मी हसले. तू हसलीस. तुझे रिपोर्ट तेव्हा आले होते, हो ना? मला काही माहीत नव्हतं. का नाही सांगितलंस गं? वसतिगृहात एका खोलीत दोन वर्षं काढली आपण. मला ताप आला की तू पातळ खिचडी करायचीस, चोरून, बंदी असलेल्या शेगडीवर. आणि स्वतःचं एवढं मोठं दुखणं मला इतरांसारखं नंतर कळावं? याचा राग अजून गेलेला नाही. जाणारही नाही.

तू गेल्यावर, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाहून मी घरी पोचते न पोचते तोच सुधीरचा फोन. "मंदा, उज्ज्वलाचं काम आता तुझ्याकडे. दोन दिवसांचे उपक्रम तू ठरव." उपक्रम! जणू मी आमच्या मांजरी गावात बालवाडी चालवते.

मग बैठका सुरू झाल्या. कुठे, तर हिंजवडीला, अविनाशच्या ऑफिसात. माझी आत्या तिथलीच, तिच्याकडे भातलावणीला जायचे मी लहानपणी. आता त्याच गावात काचेच्या खोलीत गार हवेत बसून आम्ही काय ठरवत होतो? टी-शर्टचा रंग! मापं कळवताना सगळे धडधडीत खोटं बोलले. सुधीरला शनिवारी सकाळी कसबा पेठेत फेरी हवी होती. मी म्हटलं, "अरे, जिथे आपण चपलेचा अंगठा शिवायला जायचो, तिथे आता फोटो काढायला जायचं?" तो म्हणाला, "हो, त्यालाच हेरिटेज म्हणतात." अर्ध्या बॅचने चढ-उतार आहे का, आणि वाटेत स्वच्छतागृह आहे का, एवढंच विचारलं. तू असतीस तर हसून लोळली असतीस.

तुझा उपक्रम मात्र त्यांनी पहिल्याच बैठकीत काढून टाकला. रविवारी सकाळी विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या मुलींना बोलवायचं आणि त्यांच्याकडून मुलाखतीची तयारी करून घ्यायची, असं तुझ्या मनात होतं. सुधीर म्हणाला, "रविवारी लोकांना मोकळं सोडू या. क्रिकेट ठेवू." त्याऐवजी तुझ्या नावाने काय ठेवलं? शनिवारी उद्घाटनानंतर दोन मिनिटं मौन, आणि मग तुझ्यावर भाषण. भाषण कोण करणार? अविनाश!

हो, तोच.

मला तो दिवस काल घडल्यासारखा दिसतो. देशाची दारं उघडली, बाहेरच्या कंपन्या येणार, असं वर्तमानपत्रं रोज सांगत होती, आणि आपल्या विभागात पहिल्यांदाच एक सॉफ्टवेअर कंपनी मुलाखतींना आली. कंपनीच्या साहेबांनी दारात येऊन पहिलं नाव तुझं वाचलं. वर्गात पहिली तूच होतीस, मग दुसरं कुणाचं वाचणार? पाण्याच्या टाकीपाशी अविनाश सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "यांचं बरंय. सरकारचे जावई. आता कंपन्यांनाही कोटा भरावा लागत असणार."

तू वळलीस. आवाज जरासुद्धा न चढवता म्हणालीस, "खासगी कंपनी आहे, अविनाश. तिथे कोटा नसतो. मुलाखतीला जाण्याआधी एवढं तरी वाचून जावं." मी त्याच्या अंगावर धावून जात होते, तर तू माझं मनगट धरलंस. "राहू दे, मंदे. त्याला उत्तर मिळालंय." का धरलंस? एक कानाखाली बसली असती तर काय बिघडलं असतं? त्यानंतर तू त्याच्याशी एक शब्द बोलली नाहीस, आणि आम्हालाही तो विषय काढू दिला नाहीस.

म्हणून मी बैठकीत सरळ म्हटलं, "अविनाश, उज्ज्वलावर तू बोलायचं नाहीस."

"का गं?"

मी सांगितलं, शब्दाला शब्द. खोलीत सगळे टेबलाकडे बघायला लागले. अविनाश मात्र माझ्याकडेच बघत होता, आणि त्याचा चेहरा अगदी कोरा होता.

"मी? असं म्हणालो? मंदा, मला खरंच आठवत नाही."

तो खोटं बोलत नव्हता गं! तेच जास्त लागलं. तू आयुष्यभर ज्याच्याशी बोलली नाहीस, त्याला का ते ठाऊकच नाही!

सुधीर मध्ये पडला. "जाऊ दे ना. बावीस वर्षांची पोरं होतो आपण."

"तीही बावीसचीच होती," मी म्हटलं.

मग अविनाशच म्हणाला, "तिच्या आईला विचारू. त्या नको म्हणाल्या तर मी बोलणार नाही." मला वाटलं, सुटायची वाट शोधतोय. पण दुसऱ्याच दिवशी तो गाडी घेऊन मला न्यायला आला.

दापोडीला तुझ्या घरी तुझी आई तशीच, ताठ. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण अजून समोरच्याला विद्यार्थ्यासारखं न्याहाळते. चहा दिला. मी कार्यक्रम सांगायला लागले, तर मौनाशीच थांबवलं.

"मौन कशाला? माझी पोरगी पाळण्यात असल्यापासून बोलत होती. दोन मिनिटं गप्प बसून तुम्ही कुणाची आठवण काढणार?"

"मग काय ठेवू, मावशी?"

"तिला काय ठेवायचं होतं?"

मी वसतिगृहातल्या मुलींचं सांगितलं. क्रिकेटचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "क्रिकेट? या वयात? अहो, कुणाचा पाय मोडला तर निस्तरणार कोण?"

मग त्या अविनाशकडे वळल्या. "तुम्ही अविनाश. नाव ऐकलंय."

त्यानं कप बशीवर ठेवला. "कुणाकडून, मावशी?"

"तिच्याकडूनच. नोकरी लागली त्या दिवशी. पेढे घेऊन आली आणि आल्या आल्या अंगावरचा नवा ड्रेस धुवायला काढला. मी म्हटलं, अगं, आजच तर पहिल्यांदा घातलायस. तर म्हणाली, घाण उडालीये. मी उजेडात धरून बघितला, कुठे काही नव्हतं. मग रडली आणि सगळं सांगितलं. तो ड्रेस परत अंगावर घातला नाही तिनं."

उज्ज्वला, हे तू मला कधीच सांगितलं नव्हतंस! तू शनिवारी-रविवारी घरी जायचीस, सोमवारी हसत परत यायचीस. मला वाटायचं, तू जिंकलीस. तू जिंकलीच होतीस. पण हे?

अविनाश खालमानेनं म्हणाला, "मला आठवत नाही, मावशी. पण मंदा म्हणते, तुम्ही म्हणता, म्हणजे मी बोललो असणार."

"तुम्हाला आठवत नाही हे तुमचं बरं आहे. आम्हाला ती सोय नव्हती."

त्यानं मान वर केली. मग विचारलं, "मी शनिवारी बोलू का?"

"बोला की. तुमचा मेळावा आहे. पण ती किती हुशार होती, हे सांगू नका. ते सगळ्यांना माहीत आहे. जे कुणाला माहीत नाही ते सांगायची तयारी असेल, तर बोला."

परत येताना तो पुलावरचं वळण चुकला. नेहमीचा रस्ता! मला सोडताना एवढंच म्हणाला, "तिनं घरी माझं नाव सांगितलं होतं."

आणि आज. सकाळपासून माझं कशातच लक्ष नव्हतं. कसबा पेठेच्या फेरीत सगळे दारांचे, पितळी भांड्यांचे फोटो काढत होते, आणि मी घड्याळ बघत होते. तो बोलेल? की आयत्या वेळी गुळगुळीत काहीतरी म्हणून मोकळा होईल? मावशी आल्या तर त्यांना पहिल्या रांगेत बसवून मी त्यांचा पुन्हा अपमान तर करत नाहीये?

मावशी आल्या. पांढरी साडी, काठी हातात, पण टेकत नव्हत्या. अविनाश उभा राहिला आणि इंग्रजीत सुरू झाला: प्रवास, प्रेरणा, पिढी. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तुझी आई त्याच्याकडे बघत होती, बस्स. तो थांबला. कागद घडी करून खिशात टाकला. मग मराठीत म्हणाला, "आपल्या वर्गातली पहिली नोकरी उज्ज्वलाला मिळाली. त्या दिवशी मी तिच्या जातीवरून बोललो. इथल्या काही जणांनी ऐकलं होतं. मी ते विसरलो. ती विसरली नाही, तिची आई विसरली नाही. तिची माफी मागायची वेळ गेली. मावशी, तुमची मागतो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एक जण पुटपुटला, "आज कशाला हे?" एक-दोघे उठून बाहेर गेले. सुधीर रुमालानं चष्मा पुसत राहिला. आणि मी? मला वाटलं होतं, ऐकल्यावर मन हलकं होईल. झालं नाही. ज्या कानांनी हे ऐकायला हवं होतं, ते कुठे आहेत, उज्ज्वला? तू आणखी वर्षभर थांबली असतीस तर? की तू असतीस तर तो बोललाच नसता? हाच विचार मला सारखा उठवतोय, बसवतोय.

चहाच्या वेळी तो मावशींच्या समोर येऊन उभा राहिला. त्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आवाज बारीक होता. मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल."

"हो, मावशी."

माफ केलं म्हणाल्या नाहीत. नाही केलं असंही म्हणाल्या नाहीत. बशीतलं एक बिस्किट मात्र त्याच्यापुढे सरकवलं.

आणि हो, मौनासारखंच क्रिकेटही रद्द! उद्या सकाळी मुली येणार आहेत, सोलापूरच्या, नांदेडच्या, एक तर आपल्या मांजरीजवळची. अविनाशनं हळूच विचारलं, "मंदा, मीही बसू का मुलाखती घ्यायला?" मी उत्तर द्यायच्या आत तुझी आईच म्हणाली, "बसा. पण मंदाच्या शेजारी. तिचा हात आता धरायला कुणी नाही."

वचन देते तुला. यापुढे टी-शर्ट, गाणी, जेवणं असोत नसोत, बॅच जमो न जमो, दर वर्षी या मुलींसाठी एक रविवार सकाळ मी मांजरीहून येईन. त्यांना मराठीत बोलायला लावीन, मग इंग्रजीत, मग मोठ्यानं, शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल इतकं. आणि त्यांच्यातल्या जिला पहिली नोकरी लागेल, तिला म्हणेन, हाच ड्रेस घालून उद्या पुन्हा ये.

तुझी,
मंदी
(बाकी सगळे मंदा म्हणतात. हे नाव तुझ्याकडेच राहू दे.)