एक माय, दोन खोल्या

१९ जानेवारी

पंधरा फूट! पंधरा फुटांत माणसं कोंबायची तरी किती?

जुनं घर पाडून नवं बांधायचंय, म्हणून रनाळ्याचा अनीस मिस्त्री आज माप घेऊन गेला. रुंदी पंधरा, लांबी साठ. दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती, म्हणजे खिडक्या फक्त पुढे आणि मागे. "वहिनी, तीन फूट ते जिनाच खाई जास. बाकीमा कितलं बसाडू?" हे त्याने मला विचारलं. जसा काही प्लॉट मीच फाडून अर्धा केलाय.

राहणार कोण कोण, ते सांगितलं त्याला. माझी सासू तापीबाई, जिला अख्खं घर माय म्हणतं. आम्ही दोघं. मोठा मुलगा, सूनबाई आणि त्यांची दीड वर्षाची पोरगी. धाकटा — त्याचं लग्न घर झाल्याशिवाय जमत नाही. चार पिढ्या! मिस्त्रीने पेन्सिल कानावर ठेवली आणि चहा मागितला.

२२ जानेवारी

प्रत्येकाला काहीतरी हवंच आहे. मोठ्याला खोलीला लागून बाथरूम. सूनबाईला स्वयंपाकघरात खिडकी. धाकट्याला गच्चीवर वेगळी खोली, "मित्र येतात." आणि ह्यांना, म्हणजे आमच्या गोपाळरावांना, ट्रॅक्टर घरात! बाहेर ठेवला तर काय थंडी वाजते त्याला? बारा फूट गेले ट्रॅक्टरला. मी म्हटलं, "मग मी ट्रॅक्टरवरच भाकरी करते." हसले नाहीत.

मला काय हवंय ते कोणी विचारलं नाही. मला मायची खोली हवी. खाली, मोरीजवळ. बाकी काहीही करा.

१ फेब्रुवारी

आज मायला तिकडे नेलं.

तिकडे म्हणजे पलीकडे. माझे जेठ, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, दगाभाऊ राहतात ते अर्धं घर. अकरा वर्षांपूर्वी विहिरीच्या पाण्यावरून दोघा भावांचं फाटलं, घराच्या मधोमध भिंत घातली, आणि मायचीही वाटणी झाली — महिना इथे, महिना तिथे. एक तारखेला पोरं तिची खाट उचलतात, पेटी उचलतात, रस्त्यावरून फिरवून शेजारच्या दारात ठेवतात. मागून माय. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काठी टेकत. हे तेव्हा मुद्दाम मळ्यात जातात.

आज ती ओट्यावर थांबली, म्हणाली, "मी काय गाठोडं शे का, आठेथून तठे ठेवाले?" पोरं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

७ फेब्रुवारी

माय पडली. आमच्याकडे मोरी खाटेच्या उजव्या हाताला, त्यांच्याकडे डाव्या. पहिला आठवडा ती चुकतेच. या वेळी भिंतीवर आदळली, कपाळाला खोक. जाऊबाईंनी, मीनाबाईंनी, परसातून हाक मारून सांगितलं. आम्ही दोघी बोलतो — दोघे भाऊ मळ्यात असले की.

१६ फेब्रुवारी

मिस्त्रीच्या पिशवीत दोन नकाशे सापडले. एक आमचा, एक दगाभाऊंचा! तेही घर पाडताहेत. पाडणारच, वरच्या धाब्याच्या, त्या मातीच्या छताच्या, लाकडी कड्या दोन्ही घरांवरून आरपार गेल्यात. एक अर्धं पाडलं की दुसरं डोक्यावर येणार. मग तोच मिस्त्री, तेच पंधरा फूट, तीच रडगाणी.

दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि माझं डोकंच फिरलं. त्यांच्याकडे मायची खोली, आठ बाय दहा. आमच्याकडे मायची खोली, आठ बाय दहा. एकाच भिंतीला दोन्ही बाजूंनी चिकटलेल्या! बाई एक, खोल्या दोन, आणि त्यातली एक कायम रिकामी. इकडे पोरगी कुठे झोपवायची याची मारामार! वर जिनेही दोन, पाठीला पाठ लावून.

"तुला हे दिसलं नाही का रे, अनीसभाऊ?"

"दिसनं ना वहिनी. पन सांगसू कोनले? दोन्हीकडनी मजुरी जाई मन्ही."

म्हटलं, तीस फुटांचा एकच काढून दाखव. मधे एक जिना. मधे मायची एक खोली, दोन दारांची — एक इकडे उघडेल, एक तिकडे. खाट हलायची नाही.

२३ फेब्रुवारी

काढून आणला. सगळं बसतं! बाथरूम बसतं, खिडकी बसते, मेला तो ट्रॅक्टरसुद्धा बसतो.

जेवण झाल्यावर ह्यांच्यापुढे ठेवला. चष्मा लावला. बोटाने खोल्या मोजल्या. "मिस्त्रीनं डोकं चालवलं या वेळी," म्हणाले. देवघर कुठे घ्यायचं तेही सांगितलं! मग बोट जिन्यापाशी आलं आणि थांबलं.

"हाई कोनी जागा शे?"

मी बोटाने पलीकडची भिंत दाखवली.

"त्यानं नाव नको काढू मन्हा पुढे." कागद भिरकावला आणि उठले. तेवढी दोन मिनिटं किती खुश होते! ते आठवून जास्तच चीड येते.

१ मार्च

खाट आली. पेटी आली. माय आली. कपाळावर खपली आहे अजून. उजवा हात, माय, उजवा हात — असं मी दिवसभर ओरडत होते. ती म्हणाली, ओरडू नको, ऐकू येतं मला.

९ मार्च

गच्चीवर मिरच्या वाळत घालताना मीनाबाईंना तो नकाशा दाखवला. त्यांनी तो धरला आणि डोळेच पुसले. मग म्हणाल्या, "पन तेस्ले कोन सांगी?" मी म्हटलं तुम्ही, त्या म्हणाल्या तू. अर्धा तास हेच. अकरा वर्षं आम्ही दोन बायका दोन दगडांना सांभाळतोय, आणि दोघींपैकी एकीचीही हिंमत नाही. माझा मलाच राग आला.

मायने मागितला, म्हणून रात्री तिला समजावून सांगितला तो कागद. कुठलं दार कुठे उघडतं ते दोनदा विचारलं तिने. मग झोपली.

२५ मार्च

हरले मी. पंधरा फुटांचाच नकाशा पक्का झाला. देवघर कपाटात. मधल्या खोलीत दिवसाही दिवा लावायचा. पण मान वाकवली नाही ना कोणी, झालं तर मग!

२ एप्रिल

ग्रामपंचायतीतून हे तणतणत आले. परवानगीसाठी घराचा उतारा काढला, तर त्यावर नाव एकट्या मायचं. सासरे गेले तेव्हा तिचं लागलं, ते तसंच. प्लॉट अख्खा, तीस फूट! वाटणी झाली ती दोरी धरून, पंचांच्या तोंडी. कागदावर झालीच नाही. ग्रामसेवक म्हणाला, म्हातारीचा अंगठा आणा, नाहीतर दोघांचेही अर्ज परत.

"पाच मिनिटनं काम शे," हे म्हणाले. पाच मिनिटांचं! कालपासून माय पलीकडे आहे, आणि त्या ओट्यावर ह्यांनी अकरा वर्षांत पाय ठेवलेला नाही. रस्त्यात उभं राहून "माय, ए माय!" करून आले. आख्खी गल्ली बाहेर आली. माय आली नाही. आतून म्हणाली, काम असेल तर आत ये.

तसेच परत आले. जेवले नाहीत.

५ एप्रिल

सकाळी हे काही न सांगता गेले. दुपारी मीनाबाई आल्या. परसातून नाही, पुढच्या दारातून!

मायने दोघांनाही अंगठा दिला नाही. दगाभाऊंनाही नाही. म्हणाली, "दोन्ही जन मिळीसन एकच कागद लई या. जिना एक, मन्ही खोली एक, दार दोन. नही ते मी मरस तवपावत हाई धाबं कोनी हालावानं नही."

"मग हे कुठे गेले?" मी विचारलं.

"आमना घरमा शेत. दोन्ही भाऊ बठेल शेत, मिस्त्रीनी वाट दखी ऱ्हायनात. बोली नही ऱ्हायनात," मीनाबाई म्हणाल्या. "पन एका ताटलीमा शेंगदाणा खाई ऱ्हायनात."